गळू

धाकटी बहीण नर्सिंगला आहे. परवा दुसरी पाळी मारून गोदीतून घरी आलो तर ही घोकतेय : रुग्णाचा धर्म, जात, वंश पाहू नये. नोंद खरी करावी. रुग्णाचं गुपित राखावं. पाच मार्कांचा प्रश्न. म्हटलं, झालं पाठ? म्हणे, झालं दादा. मग तिला सोवेटो सांगितलं.

मित्रांनो, तुम्हीही ऐका. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने काळ्या पोरांवर सक्ती केली, निम्मे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिका. १६ जून १९७६ ला पोरं रस्त्यावर आली. पोलिसांनी शाळेच्या पोरांवर गोळ्या झाडल्या. दवाखाने रक्ताने भरले. मग पोलिसांनी यादी मागितली : गोळी लागलेल्यांची नावं द्या, खटले भरायचेत. डॉक्टरांनी यादी दिली नाही. गोळीच्या जखमेची नोंद केली, गळू!

आता बोला. पट्टी बदलायला नर्स जाते. कागदावर गळू, मांडीला आरपार भोक, दारात पोलीस. खरी नोंद आणि गुपित, दोन्ही नियम तिच्याच वहीतले. पाळायचा कुठला?

नियमही काही आभाळातून पडत नाहीत. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९५३ साली संहिता केली. डॉक्टरांचे हुकूम निष्ठेने पाळा, असं तिच्यात होतं. १९७३ च्या दुरुस्तीत ते गळालं. आणि तिकडे सोवेटोच्या मुलखात १९५७ च्या नर्सिंग कायद्याने गोऱ्या नर्सला काळ्या नर्सच्या हाताखाली ठेवणं गुन्हा ठरवलेलं. वर्गात रंग पाहू नका म्हणायचं, वॉर्डात रंग बघूनच हुकूम कुणी द्यायचा ते ठरवायचं. काय शिकणार पोरी, कपाळ?

जिथे माणसं एकमेकांच्या जिवावर उठलीत, तिथे नर्सिंगच्या वर्गातही दोन्हीकडच्या पोरी बसतात. एकीचा भाऊ पोलिसात, दुसरीचा गोळी खाऊन खाटेवर. बाई नियम वाचणार, पोरी उतरून घेणार, घंटा होणार. आमचं म्हणणं सरळ आहे : असला केसपेपर वर्गात आणा. पोरींना तिथेच भांडू द्या, रडू द्या. रात्रपाळीला एकटीवर वेळ आली तर निदान पहिल्यांदाच येणार नाही.

मी डॉक्टरांच्या बाजूचा. त्यांनी केलं ते बरोबरच केलं, असं छाती ठोकून बहिणीला सांगितलं. ती वही मांडीवर धरून बराच वेळ गप्प. मग म्हणाली, पण दादा, पुढच्या पाळीच्या नर्सला कसं कळणार, गळू नाही, आत गोळी आहे म्हणून?

साला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.