शेवाळ मारू नका, हिशेब मांडा

नळ आणि हौदाची गणिते तुम्ही शाळेत सोडवली असतील. एका नळाने हौद भरतो, तळाच्या मोरीने तो रिकामा होतो. दोन्ही एकदम चालू ठेवली तर पाणी कोठवर चढेल? पुष्कळ विद्यार्थ्यांना ही गणिते रटाळ वाटतात. पण खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्या हौशी मंडळींची सर्वांत मोठी डोकेदुखी याच गणितात दडलेली आहे, असे माझे मत आहे.

ही डोकेदुखी म्हणजे शेवाळ. प्रवाळाची टाकी मांडली की काही आठवड्यांत दगडांवर हिरव्या केसांसारखे शेवाळ दिसू लागते. पुढे ते प्रवाळावर चढते, त्याचा प्रकाश अडवते आणि त्याला गुदमरवून टाकते. मग मालक बाजारातून शेवाळनाशक औषधाची बाटली आणतो. या बाटलीला माझा विरोध आहे. तो का, ते पाहू.

पदार्थाचा नाश होत नाही, तो केवळ रूप बदलतो, हे तुम्ही शिकला आहात. हा नियम टाकीला लावून पहा. समजा, टाकीत 200 लिटर पाणी आहे आणि माशांना रोज 2 ग्रॅम कोरडे खाद्य घातले जाते. खाद्यात 45 टक्के प्रथिने आहेत असे धरू. प्रथिनांच्या वजनात सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे रोज 2 × 0.45 × 0.16 = 0.144 ग्रॅम नायट्रोजन टाकीत पडतो. थोडा भाग माशांच्या वाढीत अडकतो, तो आपण तूर्त सोडून देऊ. उरलेला अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटचे नायट्रेट. 14 ग्रॅम नायट्रोजनापासून 62 ग्रॅम नायट्रेट होते, तेव्हा 0.144 ग्रॅमपासून सुमारे 0.64 ग्रॅम होईल. 200 लिटर पाण्यात ते लिटरमागे 3.2 मिलिग्रॅम भरते, आणि तेही एका दिवसात! आठवड्याला झाले सुमारे 22. उलट खुल्या समुद्रात प्रवाळ वाढते तेथील पाण्यात नायट्रेट लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्याही बरेच खाली असते.

‘आम्ही दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलतो,’ असे कोणी म्हणेल. ठीक आहे, तेही गणित करू. आठवड्याला 22 ची भर आणि असेल त्याच्या दहाव्या हिश्श्याची घट. भर आणि घट समान होतील तेव्हाच पातळी स्थिर होईल. म्हणजे जेव्हा दहावा हिस्सा 22 असेल, तेव्हा. ती पातळी 220! नळ मोठा आणि मोरी लहान असली की दुसरे काय होणार?

प्रत्यक्ष टाकीत आकडा सहसा इतका चढत नाही. सच्छिद्र दगडांच्या आत, जेथे ऑक्सिजन पोचत नाही, तेथील जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. ही झाली दुसरी मोरी. तिसरी मोरी म्हणजे खुद्द शेवाळ. ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून अंगात साठवते. आता बाटलीने काय होते ते पहा. शेवाळ मरते, कुजते आणि साठवलेला सारा माल पुन्हा पाण्यात ओतते. टाकीबाहेर काहीच गेलेले नसते. थोड्या दिवसांत नवे शेवाळ उगवते, कारण त्याचे जेवण तयारच असते. काही औषधांत तांबे असते; त्याने गोगलगायी आणि कोळंब्या मरतात. शिवाय प्रवाळाच्या स्वतःच्या पेशींतही सूक्ष्म शैवाले राहतात, आणि प्रवाळाचे बरेचसे अन्न तीच तयार करतात. शेवाळ मारायचे विष या भाडेकरूंना ओळखून सोडून देईल, अशी खात्री कोण देणार?

याच्या अगदी उलट वाट अमेरिकेतील वॉल्टर एडी या शास्त्रज्ञांनी धरली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात त्यांनी 1980 च्या सुमारास प्रवाळखडकाचा एक जिवंत नमुना उभा केला. पाणी शुद्ध ठेवण्यासाठी त्यांनी चक्क शेवाळ पिकवले! टाकीतील पाणी एका उथळ तबकातील जाळीवरून लाटांसारखे वाहू द्यायचे, त्यावर प्रखर दिवा सोडायचा आणि जाळीवर माजलेले शेवाळ ठराविक दिवसांनी खरवडून बाहेर काढायचे. शेवाळाबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस टाकीतून खरोखरच बाहेर जातात. वाळलेल्या शेवाळात 3 टक्के नायट्रोजन धरला, तर आपल्या टाकीतील आठवड्याचा सुमारे 1 ग्रॅम नायट्रोजन काढायला 33 ग्रॅम वाळके शेवाळ काढावे लागेल. मोरी केवढी हवी, हे आता आकड्यात कळले.

शेवाळ खाणारे प्राणी पाळले तर? ते जरूर पाळावेत. पण ते शेवाळ खाऊन टाकीतच विष्ठा टाकतात, म्हणजे हिशेबात फरक थोडाच पडतो. त्यांचे खरे काम निराळे आहे. 1983 साली पनामाच्या किनाऱ्याजवळ लांब काट्यांच्या काळ्या सागरी साळूंमध्ये रोगाची साथ सुरू झाली आणि पुढच्या वर्षापर्यंत कॅरिबियन समुद्रातील बहुतेक साळू मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच बेसुमार पकडले होते, आणि 1980 च्या वादळाने प्रवाळ मोडले होते. चरणारे कोणीच उरले नाही, तेव्हा शेवाळाने खडक व्यापून टाकले. तेव्हा चरणारे प्रवाळाची जागा राखतात, आणि बाहेर काढलेले शेवाळ पाण्याचा जमाखर्च सांभाळते. दोन्ही कामे हवीत, एकाच्या बदली दुसरे चालत नाही.

आणि नळ लहान करायला विसरू नये. हवाई बेटांवरील कानेओहे उपसागरात सांडपाणी सोडले जाई आणि प्रवाळावर बुडबुड्यांसारखे हिरवे शेवाळ माजले होते. 1977-78 मध्ये ते सांडपाणी दुसरीकडे वळवल्यावर पुढील काही वर्षांत शेवाळ बरेच ओसरले. टाकीत नळ लहान करायचा म्हणजे खाद्य बेताचे घालायचे, मासे मोजके ठेवायचे आणि भर घालायला क्षारमुक्त केलेले पाणी वापरायचे. मात्र पाणी अगदी निःसत्त्व करू नये. प्रवाळालाही थोडे पोषण लागतेच.

शिक्षकांना येथे एक सांगायला हवे. आपल्या देशात कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. तेव्हा शाळेसाठी प्रवाळ आणण्याच्या फंदात पडू नका. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ समुद्रातच शोभते. हेच गणित तळ्याच्या पाण्यावरही करता येते. दोन सारख्या काचेच्या बरण्यांत तळ्याचे पाणी घ्या, दोन्हींत युरिया आणि सुपरफॉस्फेटचे दोनदोन दाणे टाका आणि उन्हात ठेवा. हिरवे शेवाळ भरपूर वाढले की एक बरणी दहा दिवस कपाटाच्या अंधारात ठेवून शेवाळ मरू द्या आणि पुन्हा उन्हात आणा. दुसरीतील शेवाळ दर आठवड्याला फडक्याने गाळून काढा, वाळवून त्याचे वजन करा आणि पाणी परत बरणीत ओता. महिन्या-दीड महिन्याने कोणती बरणी अधिक हिरवी आहे, ते पहा. मी सांगतो म्हणून मानू नका. तुमच्या वहीतील आकडे काय सांगतात ते माना.

पुण्याच्या मुळा-मुठेत जलपर्णी माजते, तेव्हा औषध फवारावे की ती काढावी, असा वाद होतो. काढलेली जलपर्णी काठावरच कुजू दिली आणि सांडपाण्याचा नळ तसाच चालू ठेवला, तर पुढच्या वर्षी काय होईल? या गणिताचे उत्तर तुम्हीच द्या.