गडाच्या पायथ्याला मुक्कामी गाडी हवी

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपल्या राज्यातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. बातमी आली त्या दिवशी माझ्या जुन्या विद्यार्थिनींचे फोन येत राहिले. त्यातली एक हडपसरला कापडाच्या दुकानात काम करते. तिनं विचारलं, "बाई, साल्हेरला जायचं तर कसं जायचं?" सटाण्यापर्यंतचं मी तिला सांगितलं. तिथून पुढे ताहाराबाद ओलांडून साल्हेरवाडीपर्यंत ती कशानं पोचेल आणि मुख्य म्हणजे रविवारी संध्याकाळी परत कशी येईल, हे मला खात्रीनं सांगता येईना.

साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी त्याच्या पायथ्याशी मोगलांच्या मोठ्या फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. सूर्याजी काकडे तिथंच पडले. हे सारं पाठ्यपुस्तकात येतं, भाषणात येतं. पण पगारातून महिन्याला थोडेफार पैसे बाजूला टाकणारी, स्वतःची मोटार नसलेली एक मुलगी त्या मैदानावर उभी राहू शकत नसेल, तर राज्याचं पर्यटन धोरण अपुरं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं, २०२४ मध्ये नवं पर्यटन धोरण आलं. गुंतवणूक, मोठे प्रकल्प, त्यांना सवलती, सगळं त्यात आहे. गडांबद्दल बोलणं निघालं की रुंद रस्ते, वाहनतळ आणि रोपवे यांची चर्चा होते. जाहिरातीतला पर्यटक नेहमी मोटारीतून उतरतो. एसटीतून उतरणारा पर्यटक कोणाच्या डोळ्यापुढे नाही, आणि माझं म्हणणं त्याच्याबद्दल, त्याहूनही तिच्याबद्दल आहे.

मी पुण्यात महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवत असे. शाळेच्या गच्चीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसायचा. वर्गातल्या बहुतेक मुली तिथं कधी गेलेल्या नसायच्या. वडील रिक्षा चालवणारे, हमाली करणारे, आया चार घरची कामं करणाऱ्या. शाळेची सहल निघायची ती एसटीशी प्रासंगिक करार करून. सहलीसाठी निम्म्या दरात गाडी मिळते, हा एसटीचा शाळांवर फार मोठा उपकार आहे. पण ती सहल धावपळीची असते. सकाळी निघून रात्री परत, चार ठिकाणं उरकायची, मुलींची डोकी मोजत फिरायचं. म्हणून दहावीची परीक्षा झालेल्या मोजक्या मुलींना, त्यांच्या आयांची परवानगी घेऊन, मी आणि माझी एक सहकारी साध्या मुक्कामी गाडीनं न्यायला लागलो.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या नव्या वाचकाला सांगायला हवं. संध्याकाळी तालुक्याहून किंवा शहरातून सुटते, आडगावात जाते, रात्रभर तिथंच उभी राहते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत नाहीतर देवळात पथारी टाकतात. पहाटे तीच गाडी गावची माणसं घेऊन परत निघते. राजगडाच्या पायथ्याच्या एका गावात अशी गाडी यायची. आम्ही तिनं जायचो. कंडक्टर मुलींना पुढच्या बाकांवर बसवायचा आणि गावात पोचलं की कोणाच्या घरी पिठलं-भाकरी मिळेल ते स्वतः सांगायचा. शाळेच्या ओसरीवर झोपायचं, उजाडताना चढायला लागायचं. ऊन तापायच्या आत मुली पद्मावती माचीवर. सईबाईंची समाधी, तलाव, मग संजीवनी माचीचे चिलखती बुरूज. रायगडाआधी जवळपास पाव शतक इथून राज्यकारभार चालला, हे फळ्यावर खडूनं लिहून सांगणं वेगळं आणि त्या तटावर बसवून सांगणं वेगळं.

एकदा तर गावातल्याच दोन शाळकरी मुली आमच्याबरोबर वर आल्या. आमच्या मुलींनी त्यांना विचारलं, तुमची शाळा कुठं? त्या म्हणाल्या, ज्या गाडीनं तुम्ही आलात तीच गाडी पहाटे पकडून आम्ही हायस्कूलला जातो, ती चुकली की त्या दिवशी शाळा नाही. मला जे सांगायचं आहे त्याचं मर्म या दोन मुलींच्या बोलण्यात आहे.

एसटीच्या भाषेत 'भारमान' असा शब्द आहे. गाडीच्या क्षमतेच्या मानानं उतारू किती, याचा हिशेब. भारमान घटलं की फेरी तोट्यात जाते आणि तोट्यातली फेरी आज ना उद्या बंद होते. करोना आणि त्यानंतरचा २०२१-२२चा लांबलेला संप यांच्या तडाख्यात गावोगावच्या अशा कितीतरी फेऱ्या थांबल्या, त्यातल्या अनेक पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. गडांची पायथ्याची गावं मुळात लहान. तिथली तरुण माणसं शहरात, मागे म्हातारीकोतारी आणि शाळेची मुलं. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत आहे, महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. या योजना चांगल्याच आहेत, पण गाडीच गावात येत नसेल तर सवलत कशावर घ्यायची?

आता गणित पाहा. गावकऱ्याला संध्याकाळी शहरातून गावाकडे यायचं असतं, सकाळी गावातून शहराकडे जायचं असतं, आणि तेही मुख्यतः सोमवार ते शनिवार. गड बघायला येणाऱ्याला शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी गावाकडे जायचं असतं आणि रविवारी दुपारनंतर परतायचं असतं. म्हणजे रविवारी गावकऱ्यांची गाडी ज्या वेळी आणि ज्या दिशेला रिकामी धावते, नेमकी तेव्हाच भटक्यांना ती हवी असते. दोघं एकमेकांची फेरी वाचवू शकतात. रविवारी शाळा नाही म्हणून जी गाडी कमी भरते, ती रविवारी भटक्यांनी भरेल आणि सोमवारी पहाटे त्या दोन मुलींना शाळेत नेईल. पर्यटन आणि गावची गरज इतकी नेमकी जुळते अशी दुसरी योजना मला तरी माहीत नाही.

शिवाय मुक्कामी गाडीनं आलेला माणूस गावात राहतो. रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-पोहे, उतरल्यावर ताक किंवा जेवण, वाट दाखवायला गावातलाच पोरगा. मोटारीनं आलेला सकाळी सातला येतो, बांधावर गाडी लावतो, डबा आणि पाण्याच्या बाटल्या घरून आणलेल्या असतात, दुपारी उतरून महामार्गावरच्या हॉटेलात जेवतो. त्याचा दोष नाही, त्याला सोय तशीच मिळाली आहे. पण गावाला त्याच्याकडून धूळ आणि कचरा एवढंच मिळतं.

पुण्या-मुंबईच्या सामान्य माणसाला गडांची गोडी कुठून लागली ते आठवा. मळवली, कर्जत, नेरळ, कसारा या स्थानकांतून. मळवलीला लोकल थांबते म्हणून भाजे, लोहगड, विसापूर ही कारखान्यातल्या कामगाराची आणि कॉलेजच्या पोराची ठिकाणं झाली. कसाऱ्याला उतरून घोटी-बारीमार्गे कळसूबाईला जाणाऱ्या पिढ्या झाल्या. तिथं कोणी जाहिरात केली नव्हती. स्वस्त, ठरल्या वेळी सुटणारं आणि ठरल्या वेळी परत आणणारं वाहन होतं, बस्स. बारा वारसा किल्ल्यांत जिंजी आपल्यापासून सर्वांत लांब, पण तिंडिवनम–तिरुवण्णामलै रस्त्यावर असल्यानं तिथं सरकारी बसनं सहज पोचता येतं आणि गावातल्या बसस्थानकापासून किल्ला जवळच आहे. तमिळनाडूला जे जमतं ते आपल्या अकरा किल्ल्यांना का जमू नये?

यावर मला एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. बस सुरू केली तर गर्दी वाढेल, गडांची नासधूस होईल. गर्दीची काळजी मलाही आहे. हरिहर गडाच्या कातळातल्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी अडकलेले पाहून जीव घाबरा होतो. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल माणसांच्या भारानं कोसळला, चार जीव गेले. पण ही गर्दी बसनं आणलेली नाही. ती खासगी वाहनांतून, कोणाच्याही मोजणीत न येता आलेली गर्दी आहे. बसला ठरावीक बाकं असतात. किती माणसं वर गेली, किती खाली आली, हे तिकिटांवरून कळतं. कास पठारावर रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून, आधी नोंदणी घेऊन आजूबाजूच्या गावांची समिती काम बघते, तेव्हा मोजून माणसं घेणं आपल्याकडे चालत नाही असं नाही. माथेरानात तर मोटार जातच नाही, दस्तुरीला ठेवावी लागते, आणि नेरळची छोटी गाडी १९०७ पासून लोकांना वर नेते आहे. माथेरानला जाणारे म्हणून कमी झालेत का?

मात्र अर्धवट तयारीनं केलं तर उलटतं, हेही खरं. सिंहगडाचं उदाहरण ताजं आहे. मे २०२२ मध्ये घाटात खासगी वाहनं बंद करून विजेच्या बस सुरू झाल्या. कल्पना उत्तम होती. पण चार्जिंगची सोय, गाड्यांची संख्या आणि सुट्टीच्या दिवसाची गर्दी यांचा मेळ बसला नाही आणि त्याच महिन्यात ती सेवा थांबली. मला याचं आजही वाईट वाटतं. कारण त्यानंतर बसचा विषय काढला की अधिकारी सिंहगडाकडे बोट दाखवतात. एक प्रयोग घाईनं केला म्हणून तो विचारच सोडून द्यायचा नसतो. उलट एसटीच्या महाबळेश्वरहून निघणाऱ्या प्रतापगड दर्शन गाड्या लोकांना वर्षानुवर्षं माहीत आहेत.

मग करायचं काय? अकरा वारसा किल्ल्यांपासून सुरुवात करावी. पन्हाळ्याला आणि सिंधुदुर्गासाठी मालवणला गाडी आहेच, तिथं फार करावं लागणार नाही. जलदुर्गांना होडीची वेळ आणि एसटीची वेळ जुळवावी. खरी गरज राजगड आणि साल्हेर यांची आहे. तिथल्या पायथ्याच्या एका गावात तरी वर्षभर न चुकता मुक्कामी गाडी हवी आणि सुट्टीच्या दिवशी एक जादा परतीची फेरी हवी. वेळापत्रक शहरातल्या स्थानकावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि पर्यटन खात्याच्या प्रत्येक जाहिरातीत छापावं. गाडी थांबते तिथं बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, त्याला पाणी हवं, आणि ते धुणाऱ्या गावच्या बाईला दर महिन्याला ठरलेला पगार हवा. मुलींना घेऊन गेलेल्या कोणत्याही शिक्षिकेला विचारा, तटबंदी किती फूट उंच आहे यापेक्षा हा प्रश्न तिला आधी पडतो. ड्रायव्हर-कंडक्टरला रात्री झोपायला चांगली खोली आणि आंघोळीला पाणी हवं. दिवसभर घाट चालवलेल्या माणसाला सीटवर आडवं पडायला लावून आपण त्याच्या हाती उद्याचे पन्नास जीव देतो, हे बरं नाही.

आणि तोटा? तो एसटीच्या गळ्यात मारू नये. महिलांच्या आणि ज्येष्ठांच्या सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देतं, त्याच धर्तीवर या फेऱ्यांच्या भारमानातली तूट पर्यटन खात्यानं आपल्या निधीतून भरावी. सोहळ्याच्या मंडपावर आणि मोठ्या फलकांवर होणाऱ्या खर्चातला काही भाग इकडे वळवला तरी पुष्कळ होईल. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी निघाली, तेव्हापासून एसटीनं महाराष्ट्राला महाराष्ट्र दाखवला आहे. तिच्यापेक्षा मोठी पर्यटन संस्था या राज्यात नाही.

वाचकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या खेपेला गडावर जायचं ठरवाल, तेव्हा मोटारीची चावी उचलण्याआधी स्थानकाच्या चौकशी खिडकीवर जाऊन पायथ्याच्या गावाला गाडी आहे का ते विचारा. असेल तर तिनंच जा. नसेल तर जाणाऱ्या दहा-बारा जणांच्या सह्यांचा अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे लिहा, वार आणि वेळ नमूद करा, आणि त्याची पोच घेऊन या. त्याची एक प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीलाही द्या, कारण ती गाडी त्यांनाही हवी आहे.