सरकारी हॉटेल चांगले चालू शकते: स्पेनचा दाखला



'हॉटेल चालवणे हे सरकारचे काम नव्हे' हे वाक्य गेली तीस वर्षे इतक्या वेळा कानावर आदळले आहे की आपल्यातलेही काही जण ते आता स्वतःचे मत म्हणून सांगतात. सरकारने राज्य करावे, पाहुण्याला सूप वाढत बसू नये, असे म्हणायचे आणि हसायचे. हसणाऱ्यांनी एकदा स्पेन देशाकडे पाहावे. तिथे जुने किल्ले, मठ आणि सरदारांचे वाडे दुरुस्त करून त्यांत सरकारी मालकीची नव्वदहून अधिक हॉटेले चालवली जातात. त्यांना 'पाराडोर' म्हणतात. जगभरचे पैसेवाले प्रवासी तिथे राहायला धडपडतात आणि परत जाऊन तिथल्या जेवणाचे गोडवे गातात. मालक मात्र एकच, स्पेनचे सरकार.

आजकाल वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'बुटीक हॉटेल' हा शब्द फार येतो. अर्थ साधा आहे. दहा-वीस-तीस खोल्यांचे, जुन्या वास्तूतले हॉटेल. एका खोलीसारखी दुसरी नाही, जेवण त्या गावचे, वाइन त्या शिवारातली आणि वाढणारा माणूस पाहुण्याला नावाने ओळखणारा. आपल्याकडे राजस्थानातल्या हवेल्या आणि गोव्यातली जुनी घरे यांचे असेच झाले आहे. एका रात्रीचे भाडे ऐकले की आपला खलाशी किंवा पोस्टमन कानाला हात लावतो. म्हणून हा विषय आपला नाही असे समजून आपण पान उलटतो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. ही हॉटेले कोणाच्या मालकीची, तिथे राबतो कोण आणि त्याला काय मिळते, हे प्रश्न आपलेच आहेत.

मी स्पेनला गेलेलो नाही, माझा पास तिथवर चालत नाही. पण या हॉटेलांचा इतिहास छापील आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. १९२८ च्या ऑक्टोबरात ग्रेदोसच्या डोंगरात पहिले पाराडोर राजा तेराव्या अल्फोन्सोच्या हस्ते उघडले. कल्पना मार्किस दे ला वेगा-इंक्लान या सरकारी पर्यटन अधिकाऱ्याची. जिथे खाजगी हॉटेलवाला पैसे गुंतवणार नाही अशा आडगावी सरकारने उतरण्याची सोय करावी, पडक्या वास्तू त्या निमित्ताने वाचाव्यात आणि गावातल्या पोरांना गावातच काम मिळावे, असा हिशेब होता. सर्वात जास्त हॉटेले वाढली ती फ्रँकोच्या हुकूमशाहीत, १९६० च्या दशकात. त्या काळात तिथे स्वतंत्र कामगार संघटनांना बंदी होती, हे विसरून चालणार नाही. लिओन शहरातील सान मार्कोसचा भव्य मठ आज पंचतारांकित पाराडोर आहे. १९३६ ते १९४० या काळात त्याच भिंतींआड हजारो राजकीय कैदी कोंबलेले होते आणि त्यांत कामगार संघटनांची माणसे होती. पाहुण्याने तिथे वाइनचा पेला उचलताना एवढे आठवावे, इतकीच अपेक्षा.

सगळी पाराडोर लहान नाहीत. काही चांगली मोठी आहेत. पण कुएन्का प्रांतात आलार्कोनचा किल्ला आहे, तिथे अवघ्या चौदा खोल्या. नदीच्या वळणावर उंच कड्यावर किल्ला, खाली खोल दरी. अशा ठिकाणी चौदा खोल्यांवर नफा किती होणार? मोठ्या शहरातली भरलेली हॉटेले अशा आडबाजूच्या हॉटेलांचा भार उचलतात. रेल्वेत याला आपण 'क्रॉस सबसिडी' म्हणतो. मालगाडीच्या उत्पन्नावर पॅसेंजर चालते, तसेच हे.

सान्तियागोचे पाराडोर तर आपल्या वारकऱ्याला लगेच कळेल. शेकडो मैल पायी चालून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी पाचशे वर्षांपूर्वी राजा-राणीने तिथे इस्पितळ आणि धर्मशाळा बांधली. १९५४ साली तिचे हॉटेल झाले. रोज येणाऱ्या पहिल्या दहा यात्रेकरूंना फुकट जेवण देण्याची प्रथा या हॉटेलने पुढे चालवली. पंढरपुरात एखाद्या पंचतारांकित हॉटेलने वारकऱ्याला पंगतीला बसवले तर कसे वाटेल, तसे ते आहे.

आता जेवणाचे. पाराडोरच्या स्वयंपाकघराचा दंडक असा की ज्या प्रांतात हॉटेल, त्या प्रांताचे पदार्थ ताटात आलेच पाहिजेत. गॅलिसियाच्या किनाऱ्यावर समुद्रातले कालव-शिंपले आणि त्यासोबत तिथलीच पांढरी अल्बारिन्यो वाइन. कास्तीयाच्या पठारावर भट्टीत भाजलेले कोकरू. झामोराला गेलात तर जवळच्या तोरोची दाट लाल वाइन. ला मांचा भागात आल्माग्रो नावाचे गाव आहे, तिथे जुन्या फ्रान्सिस्कन मठात पाराडोर आहे. त्या गावाची प्रसिद्धी कशासाठी? वांग्याच्या लोणच्यासाठी! छोटी हिरवी वांगी व्हिनेगरात मुरवतात. माझ्या घरी हे सांगितले तेव्हा सौभाग्यवतींना स्पेनबद्दल प्रथमच आदर वाटला. ही वांगी, ही द्राक्षे, हे कोकरू आजूबाजूच्या शेतकऱ्याकडून येते. हॉटेल सरकारचे असले की खरेदी गावात राहू शकते.

वाइनबद्दल दोन शब्द. आमच्या ब्रँच ऑफिसात दारूपायी चार्जशीट घेऊन आलेले किती जण मी पाहिले आहेत, त्यांच्यामागून डोळे पुसत येणाऱ्या बायकाही पाहिल्या आहेत. लोको पायलटला साइन ऑन करताना मशीनमध्ये फुंकर मारावी लागते आणि ते योग्यच आहे. त्यामुळे वाइनचे कौतुक माझ्याकडून होणार नाही. पण स्पेनमध्ये ती जेवणातली वस्तू आहे, कोकणात सोलकढी असते तशी. आता नाशिकच्या द्राक्षबागांतही वाइनरी आणि शेजारी राहण्याच्या खोल्या झाल्या आहेत. त्याला नाक मुरडण्यापेक्षा तिथे द्राक्षे तोडणाऱ्या बाईला मजुरी काय मिळते हे विचारावे.

मूळ मुद्द्यावर येतो. पाहुणा ज्याला 'आपुलकी' म्हणतो ती दगडी भिंतीतून येत नाही. तोच वेटर, तोच स्वयंपाकी, तीच खोली लावणारी बाई वर्षानुवर्षे तिथे असते म्हणून ती येते. आणि माणूस टिकतो तो नोकरीची हमी असेल तेव्हाच. पाराडोरमध्ये देशभरासाठी एक सामूहिक वेतनकरार असतो, त्यावर कामगार संघटना सह्या करतात. याच देशातल्या अनेक खाजगी हॉटेलांत काय झाले पाहा. २०१२ च्या कामगार कायद्यातील बदलाने एकेका कंपनीच्या कराराला संपूर्ण उद्योगाच्या करारापेक्षा वरचे स्थान दिले. हॉटेलमालकांनी खोल्या लावण्याचे काम बाहेरच्या कंत्राटदारांना दिले. कालपर्यंत हॉटेलच्या हजेरीपटावर असलेली बाई आज कंत्राटदाराची झाली. काम तेच, पगार घटला आणि खोल्यांची संख्या वाढली. खोलीमागे जेमतेम दोन-अडीच युरो हाती पडतात, अशा तक्रारी बायकांनी उघडपणे मांडल्या. पाठ आणि मनगटे कामातून गेलेल्या या बायकांनी संघटना उभी केली. नाव घेतले 'लास केलीस', म्हणजे 'साफसफाई करणाऱ्या'. २०१८ साली स्पेनच्या पंतप्रधानांना त्यांना भेटीला बोलवावे लागले. २०२१ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने पगाराच्या बाबतीत उद्योगाच्या कराराला पुन्हा वरचे स्थान दिले. लढा संपला असे नाही, पण एक पाऊल पडले. आपल्या डब्यातला बेडरोल देणारा कंत्राटी पोरगा आणि ती केली यांची गोष्ट फार वेगळी नाही.

सरकारी मालकी म्हटली की सगळे आलबेल, असेही मी म्हणणार नाही. मंदीच्या काळात पाराडोर तोट्यात गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये व्यवस्थापनाने सहाशेहून अधिक कामगार कमी करण्याचा आणि काही हॉटेले बंद करण्याचा प्रस्ताव आणला. कामगारांनी डिसेंबरच्या सुट्ट्यांत, म्हणजे खोल्या भरण्याच्या ऐन दिवसांत संप केला. शेवटी जानेवारीत तडजोड झाली. साडेतीनशेच्या आसपास कामगार गेले, बहुतेक सगळी हॉटेले वाचली. हा विजय म्हणावा का? ज्याची नोकरी गेली त्याला विचारा. पण मालमत्ता जनतेच्या हातून गेली नाही आणि पुढच्या वर्षांत ती हॉटेले पुन्हा नफ्यात आली. शेजारच्या पोर्तुगालने दुसरा रस्ता धरला. तिथेही १९४२ पासून अशीच सरकारी 'पोसादा' हॉटेले होती. २००३ साली त्यांचा कारभार एका मोठ्या खाजगी हॉटेल कंपनीकडे सोपवण्यात आला.

आणि आपण? उदयपूरला फतेहसागर तलावाकाठचा लक्ष्मी विलास पॅलेस केंद्र सरकारच्या पर्यटन महामंडळाचे हॉटेल होते. निर्गुंतवणुकीत २००२ साली ते साडेसात कोटींना गेले. तलावाकाठचा राजवाडा! त्यावर पुढे बरीच कोर्टबाजी झाली. मुंबई विमानतळाजवळचे सेंटॉर हॉटेल त्याच वर्षी ८३ कोटींना विकले आणि घेणाऱ्याने काही महिन्यांतच ११५ कोटींना पुढे विकले. सरकारला हॉटेल चालवता येत नाही हे एकवेळ मान्य करू. विकताही येत नाही, हे तर सिद्धच झाले.

आमच्या नागपूर-गोंदिया पट्ट्यातील जुन्या माणसांना पुरीचे बी.एन.आर. हॉटेल वेगळे सांगायला नको. बंगाल नागपूर रेल्वेने ते १९२५ साली समुद्रकाठी बांधले. (बी.एन.आर. म्हणजे 'बी नेव्हर रेग्युलर' असा विनोद गाड्यांच्या वक्तशीरपणावरून होता. हॉटेलबद्दल तसे कोणी बोलत नसे.) मोठा व्हरांडा, समोर समुद्र आणि साहेबी थाटाचे जेवण. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पास काढून मी कुटुंबासह पुरीला गेलो होतो. उतरलो धर्मशाळेत, पण संध्याकाळी मुलांना त्या हॉटेलच्या फाटकाशी नेऊन सांगितले की हे आपल्या रेल्वेचे आहे. 'आपल्या' म्हणताना छाती फुगली होती हे कबूल करतो. २००६ च्या सुमारास पुरी आणि रांची या दोन्ही ठिकाणची बी.एन.आर. हॉटेले खाजगी कंपनीला चालवायला दिली गेली. त्या कंत्राटाचे प्रकरण सी.बी.आय. आणि न्यायालयापर्यंत गेले, त्यावर मी काही बोलत नाही. मी एवढेच विचारतो की शंभर वर्षांची वास्तू, समुद्रकिनारा आणि घडलेले स्वयंपाकघर हाताशी असताना रेल्वेने स्वतःचे पाराडोर का उभे केले नाही?

पोस्टाच्या साथींना तर मी वारसाच दाखवतो. 'डाक बंगला' या शब्दात डाक तुमचीच आहे. डाक नेण्याच्या रस्त्यावर टप्प्याटप्प्याने बांधलेली ती उतरण्याची ठिकाणे, तिथला खानसामा आणि पाहुणा आल्यावर पकडून शिजवलेली त्याची कोंबडी, यांच्या गोष्टी साहेब लोकांनी विलायतेपर्यंत नेल्या. दोन खोल्या, एक व्हरांडा, गावची कोंबडी आणि ओळखीचा खानसामा. आज याच वस्तूला 'बुटीक' म्हणून रात्रीचे पंधरा हजार घेतात.

कोणी म्हणेल, चांगले हॉटेल सरकारी झाले तरी कामगाराला परवडणार आहे का? पूर्ण दराने नाहीच परवडणार. पण पाराडोरमध्ये पंचावन्न वर्षांवरील पाहुण्यांसाठी आणि विशी-तिशीतल्या तरुणांसाठी सवलतीचे दर ठेवलेले आहेत. मालक सरकार असल्यामुळे ही मागणी करायला दार तरी असते. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली गेली. फिरायला जाणे ही चैन आहे, कामगाराने घरी बसावे, हा विचार त्यामागे दिसतो. तो मला मान्य नाही. तीस वर्षे रात्रपाळी केलेल्या गँगमनने आणि त्याच्या बायकोने चार दिवस स्वच्छ खोलीत राहावे, दुसऱ्याने रांधलेले गरम जेवण बसून खावे, यात लाजण्यासारखे काय आहे?

आमच्या शाखेने मंडळाच्या पी.एन.एम. बैठकीसाठी या संदर्भात विषय पाठवला आहे. हॉलिडे होममधील स्वयंपाकी आणि सफाई कर्मचारी कंत्राटी न ठेवता कायम असावेत. जेवण त्या प्रांताचे असावे, सगळीकडे तेच पनीर नको. ओस पडलेली जुनी रेस्ट हाउसे आणि बंगले कोणाला भाड्याने देण्याआधी खात्यातर्फे दोन वर्षे चालवून पाहावीत आणि त्याचा हिशेब मान्यताप्राप्त संघटनांपुढे ठेवावा. इतर शाखांनी आणि पोस्टाच्या साथींनी आपल्या भागातील बंद पडलेल्या रेस्ट हाउसची व इन्स्पेक्शन क्वार्टरची नावे, खोल्यांची संख्या आणि तिथला शेवटचा स्वयंपाकी कोणत्या साली निवृत्त झाला, एवढी माहिती फेडरेशनच्या कार्यालयाकडे लेखी पाठवावी.