चुना कुठल्या भट्टीतला?

वर्ध्यात हायड्रोजनचे नाव काढले की पहिला आक्षेप ठरलेला: बापूंच्या जिल्ह्यात हे थेर कशाला? असे म्हणणाऱ्याला मगनवाडी फक्त चरख्यापुरती ठाऊक असते. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ठाणे वर्ध्यातल्या मगनवाडीत पडले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचा कारभार पाहू लागले. तेव्हापासून मगनवाडी ही प्रयोगशाळाच होती. झवेरभाई पटेलांनी तिथे बैलघाणी सुधारली, तीच पुढे ‘वर्धा घाणी’. रॉकेलला पर्याय म्हणून वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ तिथलाच. तेलातून इंधन काढणे वर्ध्याला उपरे नाही. उपरे असेल तर ते विसरणे.

आता ज्यातून हायड्रोजन काढायचा ते ग्लिसरॉल. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला लटकलेली तीन मेदाम्ले. बायोडिझेल करताना मेथॅनॉल ही मेदाम्ले घेऊन जाते, कणा मागे उरतो. 100 किलो बायोडिझेलमागे साधारण 10 किलो. (रसायनशास्त्राच्या लेखी हाही अल्कोहोलच, पण दारूबंदीच्या जिल्ह्याने दचकू नये, झिंग येत नाही.) हा कणा पाण्याच्या वाफेसोबत तापवून निकेलच्या उत्प्रेरकावरून नेला की एका रेणूमागे हायड्रोजनचे सात रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन मिळतात. वजनात सांगायचे तर 1 किलो हायड्रोजनला कागदावर सुमारे 6.6 किलो ग्लिसरॉल लागते आणि 9.4 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

इथे दुसरा आक्षेपक उठतो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतानाही किलोमागे नऊ-दहा किलोच धूर होतो, मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय? फरक मुळाचा आहे. तो कार्बन जमिनीच्या पोटातला, कोट्यवधी वर्षांचा. ग्लिसरॉलमधला गेल्या काही हंगामांत झाडाने हवेतून ओढलेला. केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या केली, तीत जैवभारापासूनचा हायड्रोजन धरला आहे. अट एवढीच की झाडाने ओढलेला कार्बन वगळता किलोमागे उत्सर्जन 2 किलोच्या वर जाऊ नये. अर्थात परदेशातून आणलेल्या पाम तेलावर बायोडिझेल करायचे आणि त्याच्या ग्लिसरॉलला ‘आपल्या शिवारातले’ म्हणायचे, हा चलाखपणा मला मान्य नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा झोंबतो: मोगली एरंडाचे काय झाले? 2009 च्या जैवइंधन धोरणाने 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचे स्वप्न दाखवले होते. रोपे लावली गेली, तेल काही आले नाही. म्हणून म्हणतो, ग्लिसरॉलसाठी एक झाडही लावू नका. पुन्हा पुन्हा तळून काळे झालेले तेल आहेच. त्यातली ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांच्या वर गेली की ते स्वयंपाकात वापरू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम 2018 पासून आहे. ते तेल गटारात किंवा, त्याहून वाईट, पुन्हा गाड्यावरच्या कढईत जाण्यापेक्षा बायोडिझेलला गेलेले बरे. पण 1 किलो हायड्रोजनसाठी 66 किलो बायोडिझेलमागचे ग्लिसरॉल लागते, हेही लपवू नये. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचे राष्ट्रीय लक्ष्य यातून गाठायचे म्हणणारा माणूस भाबडा तरी असेल नाही तर निविदा भरणारा.

एवढे खंडन परक्यांचे झाले, आता आपल्याच पक्षाचे.

कार्बन धरायला चुना वापरतात. वाफ आणि ग्लिसरॉलची क्रिया होते त्याच पात्रात कळीचा चुना ठेवला की 500 ते 650 अंशांना तो कार्बन डायऑक्साइड गिळतो आणि चुनखडी होतो. वायू बाजूला सरल्याने हायड्रोजनचे प्रमाणही वाढते. युक्ती सुंदर आहे. 9.4 किलो वायूला 12 किलो चुना, हिशेबही सरळ. पण तो चुना आला कुठून? चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात चुनखडी हवी तेवढी आहे. ती भट्टीत भाजली की चुना होतो आणि भाजताना नेमका तेवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर इंधनाचा धूर वेगळाच. म्हणजे बाजारातून पोतीच्या पोती चुना आणून एकदा वापरायचा आणि ‘कार्बन पकडला’ म्हणायचे, हे भट्टीवाल्याने सोडलेले परत उचलून स्वतःच्या नावावर लिहिणे झाले.

मग उपाय? तोच चुना तिथेच 850-900 अंशांना पुन्हा भाजायचा, त्यातून निघणारा शुद्ध वायू बंद नळीतून गोळा करायचा, आणि भाजण्याची उष्णता कोळशाऐवजी ग्लिसरॉलच्याच एका वाट्यातून काढायची. हायड्रोजन तेवढा कमी मिळेल. फेऱ्यांगणिक चुना निबर होतो, कमी गिळतो. कच्च्या ग्लिसरॉलमधले क्षार आणि साबण निकेलवर बसतात. हे सगळे वहीत धरूनही हाती काही उरले, तर तो हायड्रोजन स्वच्छ. ग्लिसरॉलमधला कार्बन हवेतला असल्याने तो कायमचा साठवला तर हिशेब शून्याच्याही खाली जातो, आणि ते पाणी फोडून मिळणाऱ्या हायड्रोजनला साधत नाही. त्यासाठीच या वाटेचा आग्रह धरावा असे मला वाटते.

मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, सेवाग्रामला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लहानसे पात्र उभारून वर्षभराचा ताळेबंद मांडायला एवढे पुरे. हायड्रोजन विकायची घाई नाही. आणि तोवर कोणी तुम्हाला ‘कार्बनमुक्त प्रकल्पा’च्या उद्घाटनाला बोलावले, तर नारळ फुटण्याआधी हात वर करून विचारा: चुना कुठल्या भट्टीतला?