गहू कमी करायचा, पण कोणाच्या वेळात?

भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारी, बाजरी, नाचणी यांचा गौरव झाला, पाककृतींच्या स्पर्धा भरल्या, केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात या धान्यांना ‘श्रीअन्न’ असे नाव मिळाले. गौरवाचे वर्ष सरले. मध्यमवर्गीय नोकरदाराच्या डब्यात मात्र पूर्वीप्रमाणेच पोळी-भाजी आहे, न्याहारीला पाव किंवा रव्याचा उपमा आहे, चहाबरोबर बिस्किटे आहेत. गहू थोडा कमी करावा असे डॉक्टर सुचवतात, वृत्तपत्रे लिहितात आणि घरातील मंडळींनाही ते पटते. तरीही गहू कमी होत नाही. याचे खापर सामान्यतः जिभेच्या चोचल्यांवर किंवा दुबळ्या इच्छाशक्तीवर फोडले जाते. हे निदान अपुरे आहे.

गव्हाची पोळी हे महाराष्ट्राचे पिढीजात रोजचे अन्न नव्हे. देशावर नि मराठवाड्यात ज्वारी-बाजरीची भाकरी आणि कोकणात भात व नाचणी हाच बहुसंख्यांचा आहार होता. गव्हाची पोळी सणावाराला किंवा पाहुण्यांसाठी होत असे. ही घडी बदलली ती केवळ रुची बदलली म्हणून नव्हे. मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. १९५६ च्या करारानंतर ‘पी. एल. ४८०’ खाली अमेरिकन गहू बंदरात उतरू लागला. १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे १ कोटी २० लाख टन गहू पिकत होता. अलीकडच्या वर्षांत हा आकडा ११ कोटी टनांच्या पुढे गेला आहे. याच काळात ज्वारीखालील क्षेत्र सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरांवरून ४० लाख हेक्टरांच्या आसपास घसरले.

आधारभावाची गोष्ट याहून बोलकी आहे. २०२४-२५ च्या हंगामात गव्हाचा आधारभाव क्विंटलला २,२७५ रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,३७१ रुपये होता. कागदावर ज्वारीच वरचढ ठरते. परंतु भाव जाहीर होणे निराळे आणि माल उचलला जाणे निराळे. त्या हंगामात सरकारने सुमारे २ कोटी ६६ लाख टन गहू खरेदी केला. ज्वारीची खरेदी त्यापुढे नगण्यच म्हणावी लागेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती, पण शिधापत्रिकेवर प्रत्यक्षात मिळत राहिले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. म्हणजे ताटात काय पडावे याचा निम्मा निर्णय दिल्लीत होऊन गेला होता.

घड्याळातील किंमत

उरलेला निम्मा निर्णय घड्याळाने केला. कोणत्याही खाद्यपदार्थाला दोन किमती असतात. एक दुकानदार घेतो, दुसरी रांधणाऱ्याच्या वेळातून वसूल होते. गव्हाच्या पिठात पाणी पडले की चिवट, ताणला जाणारा गोळा तयार होतो. कणीक एकदा मळून ठेवली की भराभर पंधरा पोळ्या लाटता येतात आणि सकाळी सातला भरलेल्या डब्यातील पोळी दुपारी एकलाही मऊ असते. ज्वारीच्या पिठात तो चिवटपणा नाही. त्याला गरम पाणी लागते. पीठ थोडे थोडे घेऊन तळहाताने रगडावे लागते. प्रत्येक भाकरी वेगळी थापून, वरून पाणी फिरवून तव्यावर टाकायची आणि मग विस्तवावर फुगवायची. पीठ जुने झाले की भाकरी थापताना तुटते, म्हणून दळणही वरचेवर आणावे लागते. इतके करून डब्यात घातलेली भाकरी दुपारपर्यंत कडक होते.

घरातील स्त्री दिवसभर घरीच असे, तेव्हा ही दुसरी किंमत शून्य धरली जात असे. ती शून्य नव्हती. तिचा हिशेब कोणी मांडत नव्हते एवढेच. आज पती-पत्नी दोघेही साडेआठची गाडी गाठतात, तेव्हा तीच किंमत ठळकपणे डोळ्यांत भरते. ती कोण भरते हेही स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत जेमतेम एक. अशा घरात ‘उद्यापासून भाकरी’ असा ठराव झाला, तर त्याची अंमलबजावणी कोणाच्या झोपेतून होणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शहरातील पोळी-भाजी केंद्रांत भाकरीला पोळीपेक्षा अधिक दाम पडतो, तोही याच कारणाने. एके काळी गरिबाचे मानलेले अन्न आता श्रमाच्या मोलाने महाग झाले आहे.

मग हा खटाटोप करावाच कशासाठी? गहू हे विष नव्हे. सीलिअॅक रोग किंवा गव्हाची अॅलर्जी असणाऱ्यांना तो वर्ज्यच आहे. इतरांनी त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. प्रथिनांत तर ज्वारी गव्हापेक्षा सरस नाही. प्रश्न तिन्ही त्रिकाळ एकाच धान्यावर विसंबण्याचा आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच गव्हात चाळीसच्या आसपास; लोहाच्या बाबतीत बाजरी उजवी. शेताकडे पाहावे तर गव्हाला महाराष्ट्रात चार-सहा पाळ्या पाणी द्यावे लागते, तर मंगळवेढा-बार्शीकडील रब्बी ज्वारी काळ्या जमिनीतील ओलाव्यावर येते आणि जनावरांना कडबाही देते. देशाचा विचार करता, मार्च २०२२ मधील उष्णतेच्या लाटेने उत्तरेतील गव्हाला फटका बसताच मे महिन्यात निर्यातबंदी करावी लागली. साऱ्या देशाने काही थोड्या राज्यांच्या हवामानावर आपली पोळी टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही.

सोपे तेथून आरंभ

तेव्हा गहू कमी करावा हे योग्यच. परंतु जेथे वेळेची किंमत कमी पडते तेथून आरंभ करावा. डब्यातील पोळी हे गव्हाचे सर्वांत समर्थनीय रूप आहे. तिला शेवटी हात लावावा. पाव, बिस्किटे, शेवया, रवा नि मैदा हाही गहूच आहे, याचा सहसा विसर पडतो. न्याहारीला पोहे, धिरडी, तांदळाची उकड किंवा आंबील केली तर वेळ फारसा वाढत नाही. थालीपिठाची भाजणी एका रविवारी भाजून दळून आणली की महिनाभर पुरते. प्रवासाला नेण्यासाठी ज्वारीचे पीठ दुधात भिजवून केलेल्या दशम्या भाकरीपेक्षा अधिक काळ मऊ राहतात. आठवड्यातून एकदा त्या डब्यातही चालतील. रात्री सारे घरी असतात, तेव्हा भात किंवा गरम भाकरी व्हावी. मात्र भाकरी थापणे ही मुलींनीच शिकायची कला आहे, हा समज आधी सोडावा लागेल. थापणारे दोन हात बदलले की भाकरीची निम्मी अडचण दूर होते. ‘नाचणीयुक्त’ म्हणून खपणाऱ्या बिस्किटांनी हा प्रश्न सुटेल अशा भ्रमात मात्र राहू नये. वेष्टनावरील घटकांची यादी वाचली, तर मैदा आणि साखर यांचा मान नाचणीच्या आधी लागलेला अनेकदा आढळतो.

घराबाहेरही पुष्कळ करता येण्याजोगे आहे. सोलापूरकडच्या स्त्रियांनी कडक भाकरीचा व्यवसाय उभारला आहे. कित्येक दिवस टिकणारी ही भाकरी नोकरदाराची घाई आणि गावाकडच्या स्त्रीचा रोजगार यांची सांगड घालते. तिथे श्रम फुकट धरलेले नाहीत, त्यांचे दाम मिळतात, हे महत्त्वाचे. वसतिगृहे, कचेऱ्यांची उपाहारगृहे आणि शाळांतील माध्यान्ह भोजन यांनी आठवड्यातून दोन दिवस ज्वारी-बाजरी घेतली, तर शेकडो घरांतील थापण्याचे काम एका ठिकाणी होईल आणि शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल. शासनाने आधारभाव जाहीर करून न थांबता ज्वारी प्रत्यक्ष खरेदी करावी नि ती शिधावाटप दुकानापर्यंत पोहोचवावी. गव्हासाठी हे सारे साठ वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. ते अशक्य नाही.

आहार बदलण्याचा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो, मंत्री असो की घरातील कर्ता पुरुष, आपल्या सल्ल्याला रोजची किती मिनिटे लागतील आणि ती कोणाची, हे आधी सांगावे. तो हिशेब चुकता झाला तर भाकरी ताटात परत येईल. नाही झाला तर आणखी एक भरड धान्य वर्ष साजरे होईल आणि डब्यात पोळीच राहील.