साथीदाराची बैठक

माझ्या एका विद्यार्थ्याने परवा आग्रहाने मला एक इंग्रजी ध्वनिमुद्रिका ऐकविली. मी ख्याल शिकविणारा माणूस. रॉक संगीताचा दणदणाट माझ्या कानांस मानवत नाही. पण ही ऐकली आणि वडिलांची सारंगी आठवली.

ध्वनिमुद्रिका स्लॅश या गिटारवादकाची. ‘गन्स अँड रोझेस’ या वाद्यवृंदात तो नावारूपास आला. त्या क्षेत्रातही रिवाज आपल्यासारखाच: मध्यभागी गाणारा, वाजविणारा बाजूस. १९९६ साली तो त्या मंडळींतून बाहेर पडला, आणि २०१० साली केवळ स्वतःच्या नावावर त्याने ही पहिली ध्वनिमुद्रिका काढली. या खेपेस बैठक त्याची आणि गायक पाहुणे!

ऑझी ऑस्बर्न, लेमी, क्रिस कॉर्नेल, इगी पॉप अशी बडी मंडळी तीत एकेका गाण्यापुरती येऊन जातात. लेमीच्या खरखरीत आवाजास दौडती, उग्र चाल मिळाली आहे. फर्गी नाचाच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध. तिचा गळा रॉकचा भार पेलील हे त्याने ओळखले. मायल्स केनेडीस दोन गाणी दिली आणि तो पुढे कायमचा सोबती झाला. २०१२ च्या ध्वनिमुद्रिकेवर त्याचेही नाव आहे. गाण्याविना केवळ वादनाचा तुकडा मात्र मुख्य आवृत्तीत एकच!

दोष नाहीत असे नव्हे. एक रंग भरतो न भरतो तोच दुसरा येतो. जलशाचा थाट आहे, मैफलीची अखंडता नाही. तरीपण गळा ओळखण्याची ही नजर आयुष्यभर साथ केल्यावाचून येत नाही, असे मला वाटते.

माझे वडील कोवळ्या वयात येथील कलावंत कारखान्यात साथीस बसू लागले. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. गवयाची पट्टी बदलली की तीसहून अधिक तरफा पुन्हा जुळवावयाच्या, त्याची जागा क्षणभर मागून उचलावयाची, त्याने श्वास घेतला की पोकळी भरावयाची. कोणता गवई कोठे थकतो, कोठे खुलतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? त्यांनी जपलेल्या कार्यक्रमपत्रिका माझ्यापाशी आहेत. गवयांची नावे ठळक टाइपात. साथीस कोण, याचा बहुतेकींत उल्लेखच नाही.

पंडित रामनारायण यांनी १९५० च्या दशकात साथ सोडून सारंगीची स्वतंत्र बैठक मांडली आणि २०२४ साली निधन होईपर्यंत त्या वाद्याचा मान जगभर वाढविला. पण प्रत्येक साथीदाराने साथ सोडावी, हा काही मार्ग नव्हे. साथ हीच त्याची विद्या आहे. तिला मान हवा.

म्हणून आपल्या बडोद्यातील संगीतप्रेमी मंडळींस एक विनंती. वर्षातून एक बैठक अशी करा की तीत यजमान साथीदार असेल. राग तो सुचवील, गायक तो निवडील, आणि पत्रिकेवर पहिले नाव त्याचे छापले जाईल. गवयांचा मान त्याने रतिमात्र उणा होणार नाही. उलट, आपल्याला कोणी इतके नीट ऐकत होते, हे त्यांनाही त्या दिवशी कळेल.