पाऊस आला की डिश गप्प का होते? सिग्नलमागचं गणित

ढग दाटून आले, पाऊस धो-धो सुरू झाला की घरावरची डिश बंद पडते. टीव्ही तर जातोच, फ्री डिशवर लागणारी आकाशवाणीची चॅनेलंही गप्प होतात. नेमका हवामानाचा इशारा ऐकायची वेळ तीच असते. दोष दरवेळी डिशचा किंवा केबलचा नसतो. सिग्नल कुठल्या लहरींवर पाठवायचा, हे इंजिनिअर आधीच ठरवतात. खरी गोम तिथं आहे.

डिशचा सिग्नल सुमारे 36 हजार किलोमीटरवरून 'केयू बँड'वर येतो. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. त्यामुळे छोटी डिश पुरते, पण मोठ्या पावसात सिग्नल वाटेतच विरतो.

दुसरा मार्गही भारतात वापरून झालाय. 2000 मध्ये सोडलेल्या एशियास्टार उपग्रहावरून 'वर्ल्डस्पेस'चा रेडिओ 'एल बँड'वर यायचा. लहरींची लांबी सुमारे 20 सेंटिमीटर, म्हणून पावसाचा त्रास नगण्य. पण अँटेना उघड्या आकाशाकडे लागायचा. मध्ये भिंत किंवा स्लॅब आला की आवाज गायब. पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 31 डिसेंबर 2009 ला इथली सेवा थांबली. लोकांच्या घरातले रेडिओ शोभेपुरते उरले.

अमेरिकेत एक्सएम कंपनीनं यावर तोड काढली. दोन उपग्रह ठेवले, शिवाय शहरांत जमिनीवर शेकडो रिपीटर बसवले. एकच कार्यक्रम काही सेकंदांच्या फरकानं दोनदा पाठवला. त्यामुळे गाडी पुलाखालून गेली तरी गाणं तुटत नाही. पण रिपीटरला पैसा लागतो, आणि तो गिऱ्हाईक दाट असतं तिथंच लागतो. खेड्याचा नंबर शेवटी.

म्हणून इशाऱ्यासाठी एकाच वाटेवर भिस्त ठेवणं धोक्याचं. मिडियम वेव्हच्या लहरी शेकडो मीटर लांब असतात. त्या जमिनीला धरून दूरवर जातात, पावसाला दाद देत नाहीत. विजा चमकल्या की खरखर होते, पण बातमी कळते. सेलवरचा साधा रेडिओ अडगळीत टाकू नका, तो याचसाठी.

आणखी एक. मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा लख्ख उन्हातही सिग्नल काही मिनिटं जातो. मेकॅनिकला लगेच बोलवू नका, तो आपोआप परत येतो.